लोटाभर नीळ

सन एकोणीसशे बावन्न. पौष लागून सहा दिवस झाले होते. वैनगंगेवरचं धुकं सकाळी दहापर्यंत उठत नव्हतं.

"सांग माय, माह्या निळीत काय कमी हाय?"

पारबताबाईने मागावरचा धोटा थांबवला नाही.

डोमाजी निमजे दारातच उभा होता. वय तेहतीस. सायकल भिंतीला टेकवलेली, खांद्यावर निळा शेला. तसा निळा शेला त्या साली आजूबाजूच्या चार तालुक्यांत दुसऱ्या कोणाच्या मागावर उतरला नव्हता.

सात वर्षांनी तो या दारात आला होता.

"आत ये. थंडीत उभा राहू नको," ती म्हणाली.

"आधी सांग."

तिने माग थांबवला. शेल्याचा पदर बोटांत घेऊन चोळला. दाराच्या उजेडाकडे धरला. एक दशी दातांखाली धरून सोडली.

"काही कमी नाई."

"तुह्या निळीपेक्षा गडद हाय का नाई?"

"हाय."

तीन कोस सायकल मारताना डोमाने भांडणाची तयारी केली होती. ती म्हणेल नाही, मग मी म्हणेन असं, मग ती म्हणेल तसं. सगळं वाया गेलं.

तो आत येऊन बसला.

पारबताबाई धकाते ही आसटोल्याची विणकरीण. सूत स्वतः रंगवायची, स्वतः विणायची. दिवस उजाडला की आपल्या तोंडात चहा पडायच्या आधी माठाकडे जायची. झाकण सारून वास घ्यायची. वासावरून कळायचं, माठ भुकेला आहे की भरल्या पोटी. मग गुळाचं पाणी, उकडलेलं तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं बी, चुन्याची निवळी. त्याला ती चारा म्हणायची. सुताच्या लड्या बुडवायच्या, पिळायच्या, बांबूवर वाळवायच्या. त्या वाळेपर्यंत तांदळाची खळ लावायची, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं. चाळीस वर्षांत या क्रमात बदल झाला नाही. तीन दिवस रंगवलं की चौथा दिवस माठाला सुट्टी. गिऱ्हाईक दारात रडलं तरी सुट्टी.

डोमा तेविसाव्या वर्षी तिच्या हाताखाली आला होता. तीन वर्षं राहिला. जे शिकला, इथेच शिकला.

निळीचा माठ दह्यासारखा असतो. विरजण लागतं. नवा माठ लावायचा तर जुन्या जित्या माठातला एक लोटा आणावा लागतो. कोष्ट्यांच्या त्या गल्लीत एक नेम होता. लोटा नेणाऱ्याने आपला माठ लागला की एक लोटा परत आणायचा आणि देणाऱ्याच्या माठात आपल्या हाताने ओतायचा. देणाऱ्याने मागायचा नाही.

पारबताबाईची सासू ठमाबाई. तिच्या माठातून आणि पुढे पारबताबाईच्या हातून अकरा घरांनी लोटा नेला. अकराही घरांनी महिन्याच्या आत परत केला.

बारावा डोमा. त्याने केला नाही.

विसरला नव्हता. पहिल्या महिन्यातच त्याची नीळ चढली. लोक म्हणू लागले, काय हात आहे! तो म्हणू लागला, माझी नीळ मी काढली. एकदा असं म्हटल्यावर लोटा घेऊन कोणत्या तोंडाने जायचं? महिन्याचं वर्ष झालं. वर्षाची सात झाली.

आणि आता गुरुवारी तालुक्याला विणकरांचा मेळावा होता. त्यात डोमाला फेटा बांधायचा ठरला होता. फेटा बांधण्याआधी वडीलधारा माणूस विचारतो, "कोणाच्या हाताखालचा?" हजार माणसांपुढे नाव घ्यावं लागतं.

डोमाने ठरवलं होतं. सांगायचं, कोणाच्याच नाही.

पण तो लोटा घशात अडकला होता. म्हणून आला होता.

"माय, एक काम हाय."

"बोल."

"एवढं म्हन, डोमा, तुह्या-माह्यात काही देनं राह्यलं नाई."

पारबताबाईने त्याच्याकडे पाहिलं. तुटलेला एक धागा उचलला, थुंकी लावून पिळला, जोडला.

"डोमा, तुह्या-माह्यात काही देनं राह्यलं नाई."

"मनातून?"

"मन कायले पायजे तुले? तोंडानं मागतलं, तोंडानं देल्लं. घे आन जा."

डोमा मोकळा झाला. इतक्या सहज, की त्याला बसल्या जागी थोडं पडल्यासारखं वाटलं. त्याने शेला झटकला, उठला. आणि तेव्हा त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

हात उघडे होते. म्हणजे, नुसते हात होते.

डोमाने हे हात कधी असे पाहिले नव्हते. त्याला माहीत होते ते कोपरापर्यंत निळे. भाकरी थापतानाही निळे. गल्लीतली माणसं तिला लांबून हातांवरून ओळखत.

"माय... तुहे हात?"

"धुतले."

"धुऊन जाते का थो रंग?"

डोमाने वाकून नखं पाहिली. कातडीचा रंग महिन्यात उतरतो. नखातला उतरत नाही, नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जातो. पुरतं नख उगवायला सहा महिने लागतात. तिची नखं मुळापासून टोकापर्यंत पांढरी होती.

मग त्याने मागावर पाहिलं. लुगडं पांढरं. काठही पांढरा.

तो कोपऱ्यात गेला. माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, भोवती भाताचा भुसा ताजा दाबलेला, जसा थंडीत दाबतात. त्याने झाकण सारलं. आत कोरडं. तळाला एक काडी नाही, कोळ्याचं जाळं नाही. नुकता पुसल्यासारखा माठ.

"कवा?"

"मागच्या माघात. मी तापानं पडली. चार दिवस चारा कोन देईन? झाकनबी सरकलं होतं. उठून पाह्यलं तं माठ निळा."

ज्याने हे काम केलं नाही त्याला वाटेल, नीळ निळी असणारच. तसं नाही. जिता माठ हिरवा असतो, पिवळसर हिरवा. सूत आतून हिरवं निघतं आणि बाहेरच्या वाऱ्याने निळं होतं. माठच निळा दिसला की समजायचं, आत वारा शिरला. माठ गेला.

"मंग गल्लीतून कोनाचा लोटा..."

"कोनाचा? पुडीचा रंग आला. समद्यायनं माठ काढून फेकले. लटारूचा तेवढा हाय. त्यात कोंबडी अंडे घालते."

शेजारचा लटारू हेडाऊ कांड्या भरत ऐकत होता. भिंत कुडाची होती.

"रोज देते म्हना!" तो तिकडून ओरडला. "तुमच्या निळीपेक्षा भरवशाची हाय कोंबडी!"

डोमाला हसू आलं नाही.

"मंग माह्याकडे काहून नाई आली? माहा माठ तुह्याच माठाचा हाय. तीन कोस तं जागा."

पारबताबाई मागावर बसली. पाय खड्ड्यात सोडले.

"देनारा मागत नाई, डोमा."

...

डोमाने माठाचं झाकण परत सारलं. मग त्याला राग आला. कोणाचा, ते त्याला सांगता आलं नसतं.

"एक लोटाच तं हाय! गुरुवारी मेळाव्याले इकूनच जायाचं हाय. जाता जाता देऊन देतो. झालं?"

"बरं," ती म्हणाली.

तो सायकलवर बसला तेव्हा लटारू दारात आला होता.

"काय फेटेवाले, आला तवा ताठ होता. काही हरवलं का आत?"

गुरुवारी डोमाने लोटा भरला. वरून घेतला, हाताला आला तिथून. दोन बोटं कमी ठेवला, म्हणजे सांडून कपडे खराब होणार नाहीत. तोंडाला फडकं बांधलं, लोटा सायकलच्या दांडीला अडकवला. धुतलेलं धोतर, कोट, खांद्यावर तो शेला. तीन कोस बैलगाडीची चाकोरी. लोटा वाटभर दांडीवर टणटण वाजत आला.

पारबताबाई पहाटेच उठली होती. तिने नवं तरोट्याचं बी उकडलं होतं. चुना निवळून ठेवला होता. गूळ विरघळवला होता. माठात दोन घागरी कोमट पाणी घातलं होतं, कोपर बुडवून ऊब पाहिली होती. धुवट लुगडं नेसली होती. सणाला नेसतात तसं.

"घे माय."

तिने फडकं सोडलं. आत पाहिलं.

लोटा तिरपा करून त्याच्यापुढे धरला.

निळा. त्याच्या खांद्यावरच्या शेल्याइतका निळा.

"रस्ता खराब हाय," डोमा म्हणाला.

"किती भरला होता?"

"लोटाभरच. दोन बोटं कमी असन."

"त्या दोन बोटांत वारा बसला. तीन कोस घुसळला त्यानं."

डोमाला सात वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. तिने लोटा तळातून भरला होता, जिथे माठ सगळ्यात हिरवा असतो तिथून. मनगटावरून ओघळेपर्यंत भरला होता. वर कणीक लिंपली होती. नेसत्या लुगड्याचा पदर टरकन फाडून त्यात लोटा गुंडाळला होता आणि म्हणाली होती, पोटाशी धर, पायी जा. तळातला जोर गेला म्हणून तिचा माठ पुढे दहा दिवस सुस्त पडला होता. हे त्याला तेव्हाच कोणीतरी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, म्हातारीचा माठच अशक्त.

ती रागावेल म्हणून तो उभा राहिला. ती रागावली नाही. लोटा परसात नेऊन केळीच्या बुडाशी ओतला, धुतला, पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"जा. उशीर होईन तुले. फेटा बांधून घे."

"आन नाव? कोनाचं घेऊ?"

"कोनाचंबी घे. नाई घेतलं तरी चालते."

तिने माठावर झाकण ठेवलं. भुसा हाताने पुन्हा दाबला. आणि झाकणावर हात ठेवून ओठांत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हनते?"

"रोजचं हाय माहं. सासूचं नाव घेते. तिच्या सासूचं घेते. तिच्याही मागची एक चंद्रभागा होती म्हनतात, तिचं घेते. ज्यायनं ज्यायनं हा माठ जगवला त्यायले हात जोडते." ती थांबली. "मंग तुहं घेते."

"माहं?"

"मंग?"

"माहं काहून? म्या तं फेडलंबी नाई!"

"ज्यायनं फेडलं, त्यायनं माठ फेकले. तुह्याकडं बाकी होतं. तुहा जगला." तिने दोन्ही पांढरे हात खरोखरच जोडले, त्याच्याकडे तोंड करून. "उपकार हायेत रे तुहे. रोज म्हनते."

...

डोमाला वर पाहवलं नाही.

लटारू आज दारात होता. तो बाजूला झाला.

डोमाने सायकल उचलली. तालुक्याचा रस्ता उजवीकडे होता. त्याने ती डावीकडे वळवली.

घरी पोहोचला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. बायको म्हणाली, "मेळावा झाला एवढ्यात?"

"घागर दे. तांब्याची."

"कोट तं काढा."

"कणीक मळ. घट्ट."

त्याने माठावरचा तांबूस फेस बाजूला केला आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. घागर तळाशी नेऊन आडवी केली. सगळ्यात हिरवं होतं तिथून भरली. कोटाची बाही गेली. घागर वर आली तेव्हा गळ्यापर्यंत भरली होती. त्याने वरून एकेक ओंजळ घालून ती काठोकाठ केली, ओघळ येईपर्यंत. बायको कणीक लिंपत होती. तिने माठात वाकून पाहिलं.

"अर्धा उपसला तुमी! महिनाभर काम बंद पडन."

"पडू दे."

गुंडाळायला जाड, उबदार असं काही हवं होतं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग खांद्यावरचा शेला काढला.

"अवं! थो शेला..."

त्याने घागरीभोवती शेला दोनदा फिरवला, गाठ मारली, घागर पोटाशी घेतली आणि निघाला. पायी.

भरली घागर घेऊन तीन कोस. चाकोरीत पाय टाकायचा नाही, धक्का बसतो. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं जायचं. थांबलं तर खाली ठेवायची नाही, जमीन गार असते. तो दोनदा थांबला, दोन्ही वेळा बोरीच्या झाडाला पाठ टेकून, घागर पोटावर घेऊन.

मेळाव्याला निघालेली एक गाडी वाटेत भेटली. गाडीवानाने ओळखलं.

"डोमाजी! मेळावा सोडून पानी भराले कुठं चालले?"

गाडीत हशा पिकला. डोमाने मान हलवली नाही. बोललं तर श्वास हलतो, श्वास हलला तर घागर हलते.

कणकेला एक चीर पडली. थेंब थेंब झिरपू लागलं. चुन्याच्या पाण्याने शेल्यावर पांढरा डाग धरला आणि तो पसरत गेला. डोमाने डागावर पोट दाबून धरलं आणि तसाच चालत राहिला.

गुरं गावाकडे वळायच्या वेळी तो आसटोल्याच्या गल्लीत शिरला. हातांना मुंग्या आल्या होत्या. लटारूने त्याला पाहिलं, कांडी टाकली आणि पुढे होऊन दार पुरतं उघडून धरलं.

पारबताबाई माठाजवळ बसली होती. चुलीवर पाणी तापत होतं. माठातलं पाणी कोमट होतं. पौषातल्या दिवसात सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत कोमट राहत नाही. ती दिवसभर त्यात थोडं थोडं ऊन पाणी घालत बसली होती.

डोमाने ते पाहिलं.

तिने कणीक सोलली. घागरीत पाहिलं. वास घेतला. एकदा घेतला, डोळे मिटून पुन्हा घेतला.

हिरवं.

"दे, मी धरतो," लटारू म्हणाला.

"कोनी हात लावू नका," ती म्हणाली. "थो ओतन. नेम हाय."

डोमा गुडघ्यावर बसला. घागरीचं तोंड माठाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि हळू हळू वाकवली. धार कडेकडेने उतरली. आवाज झाला नाही. घागर रिकामी व्हायला बराच वेळ लागला.

तिने गूळ घातला. तरोटा घातला. निवळी घातली. लांब काठीने तळातून एकदाच फिरवलं, सावकाश. मग कोनाड्यातून पांढऱ्या सुताची एक लडी काढली. ती आधीच भिजवून ठेवलेली होती.

लडी आत गेली. तिचे हातही गेले, कोपरापर्यंत.

ती ओठांत मोजत होती. सासू, सासूची सासू, चंद्रभागा. पुन्हा सासू.

लडी बाहेर आली. हिरवी. तिने ती पिळली, झटकली, दाराच्या उजेडात धरली. हिरव्यावर कुठे कुठे निळं उमटलं. मग ते वाढत गेलं. रंग फिकाच होता. पहिल्या दिवशी फिकाच असतो. पण लडी या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी झाली आणि तशी राहिली.

तिने आपले हात पाहिले. ते हिरवे होते. तिने ते उजेडात धरले आणि निळे होईपर्यंत पाहत बसली.

डोमाच्या मनात पुष्कळ होतं. सात वर्षांचं होतं.

"माय, म्या..."

"झाक थो माठ," पारबताबाई म्हणाली. "वारा लागते."